माझी चाई, आईचं तेल

माझं डोकं आज पूर्ण तुळतुळीत आहे आणि मी ते झाकत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्या केसांची वाट बघत बसायला नको. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत लोकांना वाटतं मला कॅन्सर झालाय. ते हळू आवाजात बोलतात आणि रांगेत मला पुढे सोडतात. पूर्वी मी थांबून समजावून सांगायचे. हल्ली गुपचूप पुढे जाते. उलव्याला भाचीच्या नव्या फ्लॅटवर गेले की तिची शेजारीण हमखास मोबाईल घेऊन येते. कांद्याचा रस, तांदळाचं पाणी, कुठल्यातरी परदेशी पाल्याचं तेल. "आँटी, नॅचरल आहे, ट्राय करून बघा ना." मी म्हणते, "बाळा, ज्या घरात आठवड्याला पातेलंभर केसांचं तेल शिजायचं, त्या घरात मी टकली झाले. तू मला नवीन काय सांगणार?" ती हसते, पण मोबाईल काही खाली ठेवत नाही.

तेल शिजायचं ते रविवारी. आमची शेती नव्या वसाहतीत गेली होती. भात जिथे डोलायचं तिथे आता चारमजली इमारती उभ्या होत होत्या, आणि आमचं घर त्या सेक्टरांच्या कडेला, गावठाणात, तसंच राहिलं होतं. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात लागले. आई शेतात राबलेली बाई, घरात नुसती बसून तिचा जीव घुसमटायचा. जे काही बांध शिल्लक होते त्यांच्या कडेला पाणथळ जागी माका उगवायचा, तो ती उपटून आणायची. परसातली तांबडी जास्वंद, कडीपत्ता, ब्राह्मी, मूठभर मेथ्या आणि वाळलेला आवळा. हे सगळं पाट्यावर वाटून खोबरेल तेलात घालायचं आणि मंद विस्तवावर ठेवायचं. आधी पातेल्यात बुडबुडे येऊन नुसती खदखद चालायची. मग पाणी आटत गेलं की आवाज बारीक व्हायचा, चुरचुर, चुरचुर, आणि तोही थांबला की आई मान वर करून म्हणायची, "झालं." घड्याळ तिला लागायचं नाही. परकरात तोंड लपवून बसलं तरी तो वास यायचा. वालाच्या बिरड्याला माक्याचा वास, तांदळाच्या भाकरीला माक्याचा वास, बाबांच्या डब्यातल्या सुक्या जवळ्यालासुद्धा. कारखान्यातली माणसं बाबांना विचारायची, "काय हो, जवळ्याला तेल लावून आणलंत का?"

कॉलनीतल्या बायका, म्हणजे दादर-गिरगावाकडून, पुण्याकडून नव्या घरात आलेल्या नोकरदारांच्या बायका, हे तेल घ्यायला आमच्या ओटीवर यायच्या. आणि आल्या की म्हणायच्या, "कमळाबाई, मुलीला बोलवा ना जरा." मग मी बाहेर येऊन त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. माझी वेणी गुडघ्याला लागत होती. आई वेणी हातात धरून वजन केल्यासारखी वर-खाली करायची आणि म्हणायची, "बगा तुमीच." आणखी काही बोलावं लागायचं नाही. खरं सांगायचं तर ती वेणी तेलाची नव्हतीच. आईच्या माहेरी सगळ्याच बायकांचे केस तसे. माझी मावशी कर्नाळ्याच्या पायथ्याला राहायची, ती साबणाच्या वडीने डोकं धुवायची आणि तेल मिळालं तर लावायची, तरी तिचा अंबाडा नारळाएवढा. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि आईला तर कधीच सुचलं नसतं. तिचा त्या तेलावर देवासारखा विश्वास होता.

मी अकरावीत होते. आई माझ्या डोक्याला तेल घालत होती, आणि कानाच्या मागे तिचा हात थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच थांबला. "काय गो?" मी विचारलं. तिने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. जुन्या रुपयाएवढी जागा, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत. ना खाज, ना दुखणं, ना कोंडा. "चाई," आई म्हणाली, आणि आजूबाजूला कोणी ऐकलं का ते तिने बघितलं.

पुढच्या महिन्याभरात तशा आणखी जागा झाल्या. सकाळी उशीवरून केस गोळा करायचे आणि बादलीत तोंड खुपसून रडायचं, हा माझा कार्यक्रम. लोकांना कारणं सापडायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं अभ्यासाचा ताण. कोणी म्हणालं कॉलनीतल्या बायकांची नजर लागली, रोज वेणी दाखवायला कोणी सांगितलं होतं? एकीने तर माझ्या तोंडावर विचारलं की मी कोणाचा कंगवा वापरला. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण दुसऱ्या बाकावर गेली. आईने तेलाचे हात वाढवले. सकाळी एक, रात्री एक. तिची बोटं इतक्या जोरात फिरायची की मला वाटायचं, ती माझं डोकं चोळत नाही, माझ्या डोक्याशी भांडतेय.

मग आमची थोरली आत्या आली. जनाआत्या बाबांपेक्षा मोठी, आणि तिचा शब्द आमच्या घरात कोणी खाली पडू देत नसे. पदराच्या गाठीतून तिने बिब्बे काढले. "बिब्ब्याचं त्याल लावा. जागा लाल झाली की तितून केस फुटतात. आमच्या गावात तिगींचे आलं." आई घुटमळली. बिब्बा उततो हे तिला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, "वन्स बोलतात तर लावून बगू." मी नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं अर्धं डोकं फोडांनी भरलं, डोळे सुजून मिटले, आणि संध्याकाळपर्यंत ताप चढला. बाबा कामावरून आले, माझ्याकडे बघितलं, चप्पलही न काढता मला खांद्याशी धरून बाहेर घेऊन गेले. आई अनवाणी मागे.

जुन्या पनवेलात कातडीच्या रोगांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी औषध लावलं, मग नर्सला कात्री आणायला सांगितलं. फोडांवर वेणीचा ताण नको म्हणून उरलेली वेणी मुळापासून कापावी लागली. ती टेबलावर पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो; ओल्या दोरखंडासारखा. आईने ती उचलून पदरात गुंडाळली.

ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. माझ्या आयुष्यात मला कोणी शरीराबद्दल असं नीट सांगितलं ते पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "केस काय कायमचा नसतो. तो वाढतो, मग थोडा थांबतो, गळतो, आणि त्याच जागेतून नवीन येतो. म्हणून रोज थोडे केस सगळ्यांचेच गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कधी मोठा ताप, बाळंतपण, रक्त कमी, यानं एकदम जास्त गळतात, पण कारण गेलं की परत येतात. हिचं वेगळं आहे. शरीरात रोगाशी लढणारी यंत्रणा असते, ती चुकून हिच्या केसांच्या मुळांवरच धावून जातेय."

"मुळं मेली का, डॉक्टर?" आईने विचारलं.

"नाही. झोपलीत. ती आपोआप जागी होतील, किंवा होणारही नाहीत. आज कोणालाच सांगता येणार नाही. मी बारीक सुईनं औषध देईन, त्याने बऱ्याच जणांना फायदा होतो. हे कोणाकडून लागत नाही, हिच्याकडून कोणाला लागणार नाही, आणि हिनं काही चूक केलेली नाही. हे लक्षात ठेव हं," असं त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

आई खाली बघत म्हणाली, "आन माजं त्याल?"

"लावा की. डोकं हलकं चोळलं तर बरं वाटतं, केस मऊ राहतात. पण झोपलेल्या मुळाला उठवणं तेलाच्या हातात नाही, कमळाबाई."

रविवारी आईने पुन्हा पातेलं चढवलं. मी मात्र त्या दिवसापासून रडायची थांबले. का, ते नीट सांगता येत नाही. 'तू काही चूक केलेली नाही' हे वाक्य मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं आणि कॉलेजला जाताना ते मनात म्हणत जायची. पुढे तीस वर्षं शाळेत मी विज्ञान शिकवलं, ते बहुधा त्या टेबलासमोरच ठरलं असावं.

त्या हिवाळ्यात कॉलनीतल्या महिला मंडळाचा आनंदमेळावा भरला. गेली दोन वर्षं आईचं टेबल तिथे असायचं आणि त्या टेबलापुढे पाठ करून मी. यंदा मी येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. आदल्या दिवशी आईने माझ्यापुढे एक पुडकं ठेवलं. उघडलं तर त्यात माझीच वेणी. पनवेलच्या बाजारात कोणाकडून तरी तिने तिचं गंगावन करून आणलं होतं, वर काळा गोफ, घट्ट बांधलेला. "रुमाल बांद, खालतून ह्ये सोड," ती म्हणाली. "कोनाला समजनार नाय."

"आई, हे खोटं आहे."

"तुजेच केस हायेत ना? मग खोटं कसं?"

आईच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. कमळाबाईंची पोरगी टकली झाली, ही बातमी थोडीथोडी बाहेर जाऊ लागली होती, ओटीवरची गर्दी ओसरली होती. मी रुमाल बांधला.

मैदानात कर्णा लावला होता. भेळ, साबुदाणावडे, लोणची, क्रोशाचे रुमाल, आणि आमचं टेबल. मी उभी राहिले, लोकांकडे पाठ करून. मागून आईचा आवाज येत होता, "बगा तुमीच." बाटल्या जात होत्या. माझ्या मानेला पिना टोचत होत्या आणि जुन्या केसांचं ओझं पाठीवर लोंबत होतं. कोणीतरी ते हातात धरून बघितलं. मला काहीच जाणवलं नाही, आणि ते न जाणवणंच मला सहन होईना.

तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. दबका. "कमळाबाई, हिच्याकडे जरा बघा हो." मी मान थोडी वळवली. सात-आठ वर्षांची मुलगी, दोन रिबिनी. बाईने एक रिबीन सैल केली आणि केस बाजूला केले. कानाच्या वर, अगदी माझ्यासारखीच जागा. "या तेलानं येतील का परत? शेजारच्या आजी म्हणाल्या बिब्बा लावा. काय करू कळत नाही."

आई क्षणभर थांबली. तो क्षण मी आजही तिच्या बाजूने मोजते. ती थांबली होती. मग म्हणाली, "येतील की. माज्या पोरीचे बगा."

मी वळले. रुमालाची गाठ सोडली, पिना ओढल्या, आणि रुमालासकट वेणी टेबलावर बाटल्यांमध्ये ठेवली. थंडीत डोक्याला गार वारा लागला. कर्ण्यावर संगीतखुर्चीची नावं पुकारणं चालूच होतं.

"ही वेणी माझीच आहे," मी म्हणाले, "पण आता ती डोक्याला नाही, पिनेला आहे. मलाही चाई आहे. याच तेलाच्या घरात झाली. बिब्बा लावू नका, हे बघा," आणि मी मान वाकवून भाजलेले डाग दाखवले. "डॉक्टरकडे न्या. कदाचित आपोआपही येतील. आणि तिला रागावू नका, तिनं काही केलेलं नाही."

माझा आवाज चिरकला असेल, पण मी सगळं बोलले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. "दुखतं का?" तिने विचारलं. मी म्हणाले, "नाही, हात लाव हवं तर." तिने हात लावला, एका बोटाने, मग पूर्ण तळव्याने, आणि आपल्या आईला सांगितलं, "गार लागतं." कोणीतरी मागे हसलं. कोणीतरी म्हणालं, "काय बाई हिंमत, आईचा धंदाच बसवला." आईने बाटल्या टोपलीत भरल्या आणि वर फडकं टाकून चालू लागली. मी मागून. डोकं उघडंच. रस्त्यात ओळखीची माणसं भेटली, मी एकेकाच्या डोळ्यांत बघितलं, आणि प्रत्येकाने आधी नजर खाली घातली. मला आधी लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. इतकी मोकळी मी वेणी होती तेव्हाही कधी चालले नव्हते.

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण ताटाकडे बघून. रविवार आला, पातेलं उपडंच राहिलं, आणि घरात जेवणाला फक्त जेवणाचा वास आला. मला ते विचित्र वाटलं. बाबा अंगणात माझ्याशेजारी येऊन बसले. ते फार बोलणारे नव्हते. म्हणाले, "नंदे, तू बोल्लीस ते बरोबर. पन तुजी आय तरी कुटं खोटं बोलत व्हती? तिला खरंच वाटतं, येतील म्हनून. रोज देवापुडं तेच मागते ती." हे मला कळलं नव्हतं. मला वाटत होतं आई बाटल्या वाचवतेय. ती स्वतःची आशा वाचवत होती, आणि मी ती भर मैदानात पिना काढून टेबलावर ठेवली होती. मला वाईट वाटलं. तरीही मी परत तेच केलं असतं, आणि हे मी बाबांना सांगितलंही. ते म्हणाले, "म्हायती हाय मना."

दहाव्या दिवशी ती कॉलनीतली बाई मुलीला घेऊन ओटीवर आली. डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवा होता. मी लिहून दिला. निघताना ती आईला म्हणाली, "आणि एक बाटली द्या."

आई म्हणाली, "कशाला? केस नाय यायचे त्यानं. ऐकलंत ना हिचं?"

"ऐकलं. हिला झोपताना डोकं चोळून हवं असतं. तुमच्या तेलाचा वास आवडतो तिला."

ती गेल्यावर आई उंबऱ्यावर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद आन. लिव." तोवर आमच्या बाटल्यांवर चिठ्ठी नसायची. आईने सांगितलं तसं मी लिहिलं: 'डोके चोळायला व केस मऊ ठेवायला. चाई पडली असेल तर डॉक्टरला दाखवा. बिब्बा लावू नये.' शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "त्ये मोट्या अक्षरात." गिऱ्हाईक आधीपेक्षा कमी झालं, पण जे राहिलं ते वर्षानुवर्षं राहिलं. त्या मुलीचे केस उन्हाळ्यापर्यंत भरून आले. माझ्या डोक्यावर सुयांनंतर पांढरी लव आली, मग थोडे काळे केस, मग तेही एका पावसाळ्यात गेले. तिचं आणि माझं औषध एकच, डॉक्टर एकच. मुळं कोणाची कधी जागी होतील याला काही न्याय नसतो, आणि तो शोधण्यात मी माझं वय घालवलं नाही.

दोन वर्षांनी, वैशाखात, जनाआत्याच्या मुलीचं, प्रमिलाचं लग्न निघालं. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. दुपार कलल्यावर मांडवात बायका जमल्या, धवले गाणारी बाई सुरात लागली, चुलीवर मटण शिजत होतं. प्रमिला आणि मी एका वयाच्या. तिला हळद लावायला मी पुढे झाले. जनाआत्याने माझं मनगट धरलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तू नको गो. बोडक्या डोक्याची बाय हळदीला चालत नाय. मागं बस." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी आई उठली. नणंदेसमोर आयुष्यात कधी मान वर न केलेली माझी आई. तिने पाटावरची हळदीची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"वन्स," ती म्हणाली, "पयली हळद माजी पोर लावल. ज्याला चालत नसल त्यानी जेवून घ्यावं आन घरला जावं."

गाणारी बाई मध्येच थांबली. जनाआत्याने मांडवभर नजर फिरवली, कोणी आपल्या बाजूने उठतंय का बघायला. कोणीही उठलं नाही. प्रमिलाने गाल पुढे केला, म्हणाली, "लाव गो लवकर, पाय दुखतात," आणि मी दोन्ही हातांनी तिला कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळी करून टाकली.